‘अंदमानात डायव्हिंग म्हणजे फक्त हॅवलॉक’ हे खरं नाही

सुट्टीची तिकिटं काढायचे दिवस जवळ आले की नाशिकच्या ग्रुपांवर अंदमानचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला शाळेच्या मित्रांकडून आला, पोहायच्या ग्रुपवर आला आणि शेवटी आमच्या वहिनींनीही पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

“डायव्हिंगसाठी अंदमानला जाताय? फक्त हॅवलॉकला राहा. नीलला काही नाही, अर्ध्या दिवसात उरकतं. दोन्ही बेटं शेजारी, पाणी तेच, मासे तेच. पोहता येत नसलं तरी सर्टिफिकेट मिळतं. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह करा, संध्याकाळी विमान पकडा, हॉटेलचा एक दिवस वाचतो. समुद्र वर्षभर सारखाच, ऑफ सीझनला जा, स्वस्त पडेल.”

खाली वहिनींनी विचारलं होतं, “भाऊजी, बरोबर आहे ना हे? बुकिंग करून टाकू का?”

दादा, वहिनी, एकोणीस वर्षांची पुतणी, चौदा वर्षांचा पुतण्या आणि वहिनींच्या आई, असे पाच जण निघाले आहेत. मी दोन्ही बेटांवर डायव्हिंग केलं आहे, तीन खेपांना मिळून. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो. आधी विमानाचं, कारण बाकीचं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

“सकाळी डायव्ह, संध्याकाळी विमान.” हे अजिबात करू नका. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अठरा मीटरवर तो वरच्यापेक्षा २.८ पट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, पण त्याला तासन् तास लागतात. सोड्याची बाटली बंद असते तोवर आत काही दिसत नाही, झाकण उघडलं की बुडबुडे येतात. विमान म्हणजे ते झाकण. केबिनमधला दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत, तो समुद्रसपाटीपासून २४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. सकाळी समुद्राच्या तळाशी आणि संध्याकाळी कळसूबाईच्याही वर, असा हा प्रकार होतो. ते बुडबुडे सांध्यात झाले तर वेदना होतात, मज्जारज्जूत झाले तर माणूस लुळा पडू शकतो. त्यावर उपचार प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे आतला दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतात आणि विमानात चेंबर नसतो.

डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’चा सल्ला असा आहे: एकच साधी डायव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. मी स्वतः २४ धरतो. मागच्या खेपेला एका एजंटने माझा कार्यक्रम आखला होता त्यात तीन दिवस डायव्हिंग, शेवटच्या दिवशी दुपारी दोनला पाण्याबाहेर, लगेच पोर्ट ब्लेअरची बोट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान. बोटांवर तास मोजले, सतरा होत होते. “एका तासाने काय होतंय, सगळे असंच करतात,” तो म्हणाला. शेवटची डायव्ह मी सोडून दिली. तिचे पैसे परत मिळाले नाहीत, तरी पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

आता मुख्य मुद्दा, “पाणी तेच, मासे तेच”. नकाशावर बेटं खरंच शेजारी आहेत, एकावरून दुसऱ्यावर बोटीने साधारण तासाभरात पोचता येतं. पण डायव्हिंग बेटावर होत नाही, पाण्याखालच्या एका विशिष्ट खडकावर होतं. हॅवलॉकचं नाव जगभर झालं ते डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज असल्या जागांमुळे. त्या किनाऱ्यापासून लांब आहेत, पंचवीस-तीस मीटरपर्यंत खोल जातात आणि प्रवाह जोराचा असू शकतो. तिथे ॲडव्हान्स्ड कोर्स झालेले लोक जातात. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला (त्या डायव्हला ‘ट्राय डायव्ह’ किंवा ‘डिस्कव्हर स्कूबा’ म्हणतात) बारा मीटरच्या खाली नेतच नाहीत. बहुतेक वेळा पाच-आठ मीटरवरच ठेवतात. त्याला हॅवलॉकला नेमो रीफसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी उतरवतात. म्हणजे ज्या फोटोंवर भुलून लोक हॅवलॉक निवडतात, त्या जागा त्यांच्या वाट्याला येणारच नसतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या हे लक्षातच आलेलं नाही.

सहा मीटरवर काय दिसतं ते मात्र दोन्ही बेटांवर जवळपास सारखं असतं, आणि ते थोडं नसतं. माझ्या पुतणीच्या वयाची एक मुलगी मागच्या वेळी माझ्या शेजारी उतरली होती. समुद्रफुलाच्या झुपक्यातून बोटभर लांबीचा जोकर मासा बाहेर आला आणि थेट तिच्या मास्कच्या काचेवर चाल करून आला. मागे सरला, पुन्हा आला. त्याचं घर होतं ते, आणि त्याच्या मानाने ती मुलगी एखाद्या डोंगराएवढी होती. वर आल्यावर ती दुसरं काहीच बोलत नव्हती. असा क्षण वाट्याला येण्यासाठी बेट कोणतं यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: एका इन्स्ट्रक्टरकडे किती माणसं आहेत आणि त्या जागी त्या वेळी गर्दी किती आहे. एकाकडे एकच, ही अट बुकिंगच्या वेळीच घाला. गर्दीच्या दिवसांत हॅवलॉकच्या उथळ जागांवर रांगा लागतात. नीलला डायव्हिंगची दुकानं कमी, म्हणून माणसंही कमी.

प्रवाळांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०१६ मध्ये पुन्हा तसं झालं. उथळ पाण्यातल्यांना जास्त फटका बसला. त्यामुळे जुने रंगीत फोटो पाहून कोणत्याच बेटाचा निर्णय करू नका. अलीकडे जाऊन आलेल्याला विचारा. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो.

“नील अर्ध्या दिवसात उरकतं.” ज्याला उरकायचंच आहे त्याचं उरकतं. सहलीवाले सकाळच्या बोटीने उतरवतात, भरतपूरच्या किनाऱ्यावर तासभर, मग खडकाचा नैसर्गिक पूल, जेवण आणि संध्याकाळची बोट. त्या पुलापाशी जायचं ते ओहोटीला. भरतीच्या वेळी गेलात तर पुलाखालचा खडकाळ पट्टा पाण्याखाली असतो आणि “एवढंच?” म्हणत लोक परततात. ओहोटीत तिथल्या डबक्यांत दहा मिनिटं नुसतं बसलं तरी हलणारं बरंच काही दिसतं: काळी समुद्रकाकडी, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, खडकाच्या फटीत दडलेले छोटे मासे. पाणी घोट्याएवढंच असतं. वहिनींच्या आईंना डायव्ह करायची नाही, त्यांना हा समुद्र हात धरून दाखवता येईल. बेट इतकं लहान आहे की सायकलवरही फिरता येतं. डायव्हिंगवाल्यांसाठीही नील रिकामं नाही. मार्गारिटाज मिस्चिफ, जंक्शन, बस स्टॉप या जागा तिथल्याच. नीलभोवतीच्या समुद्री गवतावर कधी कधी ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगाय, चरायला येतो. तो अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आहे. दिसेलच असं कुणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक, हे नाशिककरांसाठीच. नीलवरच्या गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी आहेत. पंचवटीत वाढलेल्या माणसाला तिथे पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटतं. हॅवलॉक आणि नील ही नावं १८५७ चा उठाव मोडून काढणाऱ्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची होती. २०१८ च्या डिसेंबरात ती बदलून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप केली, तिकिटांवर तीच दिसतील, गोंधळू नका. भगूरच्या सावरकर बंधूंनी जिथे शिक्षा भोगली ते सेल्युलर जेल पोर्ट ब्लेअरला आहे. त्या शहराचं नावही आता श्री विजयपुरम झालं आहे.

हॅवलॉकच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगतो. तिथे केंद्रं जास्त आहेत, बोटी जास्त आहेत, राहायची सोय जास्त आहे. राधानगरचा किनारा मी पाहिलेल्या किनाऱ्यांत पहिला. चार दिवस राहून ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला सर्टिफिकेट कोर्स करायचा असेल, किंवा तो आधीच झालेला असून खोल जागा पाहायच्या असतील, तर हॅवलॉकच.

“पोहता येत नसलं तरी सर्टिफिकेट मिळतं.” अर्धं खरं. ट्राय डायव्हला पोहता येण्याची सक्ती नसते, इन्स्ट्रक्टर सतत धरून असतो. पण त्यानंतर हातात पडतो तो आठवणीचा कागद, त्यावर जगात कुठे सिलिंडर मिळणार नाही. खरं ओपन वॉटर सर्टिफिकेट हवं तर २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं आणि समुद्रात चार डायव्ह कराव्या लागतात. पुतणीला कोर्स करायचा असेल तर आजपासून त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर यायला लाग म्हणावं, मी सकाळी तिथेच असतो.

खरी अडचण पोहण्यापेक्षा कानाची असते. दोन-तीन मीटर खाली गेलं की कानात दडा बसतो. तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, कान ‘टक्’ करून मोकळा होतो, मगच पुढचा अर्धा मीटर खाली. नाही झाला तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. माझ्या भाचीला एका ठिकाणी घाईत खाली ओढत नेलं, तिने हाताने खूण करूनही. आठ दिवस कान दुखत होता. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. दम्याचा, हृदयाचा, कानाच्या ऑपरेशनचा इतिहास असेल तर तब्येतीच्या फॉर्मवर खरं लिहायचं आणि नाशिकहून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. दादाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याने हे केलंच पाहिजे. खाली असताना श्वास रोखून धरायचा नाही, हा एक नियम तर झोपेतही आठवला पाहिजे.

“समुद्र वर्षभर सारखाच.” मान्सून केरळच्याही आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. परतीच्या काळातही पाऊस आणि चक्रीवादळं असतात. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेने बोटी बंद पडल्या, हॅवलॉक आणि नील दोन्हींवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. सगळ्यात शांत समुद्र आणि स्वच्छ पाणी फेब्रुवारी ते एप्रिल.

वहिनींना मी काल फोनवरच सांगितलं: दिवाळीऐवजी पुतण्याची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये जा. आधी नीलला तीन रात्री, तिथेच चौघांची पहिली डायव्ह, एकाला एक इन्स्ट्रक्टर. मग हॅवलॉकला दोन रात्री, पुतणीला आवडलं असेल तर तिथे पहिल्याच दिवशी आणखी एक. शेवटचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला, पाण्यात न उतरता, जेल पाहायला. बोट रद्द झाली तरी तो दिवस हाताशी राहतो. वहिनी म्हणाल्या, हॉटेलचा एक दिवस वाढतोय. वाढू द्या म्हटलं. मग त्यांनी फोन आईंकडे दिला, त्यांना विचारायचं होतं की ओहोटी किती वाजता असते.