स्वयंपाकघरातली ती 'फुस्स'

सकाळी ग्रुपवर एका जुन्या मित्राने टाकलं, "पर्यावरणाचे आंतरराष्ट्रीय करार म्हणजे विमानाने जायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. ग्रुपवर भांडायचं नाही असं ठरवलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी सहावीत असताना आमचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक काका आले, फ्रिज भिंतीपासून ओढला, मागची तांब्याची बारीक नळी कापली आणि फुस्स करून उरलासुरला गॅस बाहेर. आई दचकून मागे सरकली. "काही नाही वहिनी, हवेत जातो," काका म्हणाले. ना वास, ना धूर. तो सीएफसी-१२, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन जातीतला गॅस होता, हे मला कॉलेजात कळलं. हवेत तो शंभरेक वर्षं टिकतो. म्हणजे त्या दुपारचा बराचसा गॅस आजही आपल्या डोक्यावर आहे.

हा गॅस सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवणारा ओझोनचा थर खातो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. कंपन्यांनी थयथयाट केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन थरातलं भगदाड जगासमोर आलं आणि दोन वर्षांत अशी रसायनं आवरणारा मॉन्ट्रियल करार झाला. दोन वर्षांत! आज जगातला एकूण एक देश त्यात आहे. आणि हे काही सगळ्यांना एकाएकी सद्बुद्धी सुचली म्हणून झालं नाही. जो देश करारात नाही त्याच्याशी या रसायनांचा व्यापार बंद, असं कलमच होतं. गरीब देशांना दहा वर्षं जास्तीची मुदत होती, पुढे वेगळा निधीही आला. २०१८ मध्ये याच जातीतला सीएफसी-११ कुठून तरी पुन्हा हवेत येतोय हे शास्त्रज्ञांनी पकडलं, माग पूर्व चीनपर्यंत काढला, आणि ते उत्सर्जन खाली आलं. याला म्हणतात करार.

आता हवामान बदलावरचा पॅरिस करार. आपलं लक्ष्य आपणच ठरवायचं, चुकलं तर शिक्षा नाही. अमेरिका बाहेर, आत, पुन्हा बाहेर. त्याआधी क्योटो या जुन्या हवामान करारातून कॅनडा २०११ मध्ये सरळ उठून गेला, कोणी काही वाकडं केलं? श्रीमंत देशांनी हवामान बदलाशी झगडायला गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, ते द्यायला २०२२ उजाडलं. २०२५ मध्ये जिनिव्हाला प्लॅस्टिक प्रदूषणावरच्या जागतिक कराराची बोलणी पुन्हा फिसकटली, कारण उत्पादनावर मर्यादा नको म्हणणारे हटून बसले. संताप होतो. पण या संतापातून "सगळे करार बोगस" कसं निघतं? उलट, कलमांना दात हवेत असं निघायला हवं ना?

बरं, फ्रिजचा गॅस बदलणं आणि कोळसा-पेट्रोल सोडणं एक नाही, मान्य. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांना पर्याय विकता येत होता. पॅरिसनंतर तापमानवाढीचे अंदाज थोडे खाली आलेत, हेही मान्य.

पण मला राहून राहून ती फुस्सच आठवते. त्या काकांची काय चूक? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासारखी लाखो माणसं रोज नळ्या कापत होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही न विचारता, न रागावता, कुठल्याशा खोलीत लिहिलेल्या कलमांनी त्यांच्या हातातला सिलिंडर बदलला. मला हे अजूनही थक्क करतं. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर २०६६ च्या सुमाराला १९८० सारखा होईल असा अंदाज आहे. तेव्हा मी नसेन बहुतेक. माझ्या मुलीचे केस पांढरे झालेले असतील.

आत्ता उठून फ्रिज पुढे ओढला. मागे बोटभर धूळ. पुसली तर आतल्या गॅसचं नाव सांगणारा स्टिकर दिसला : आर-६००ए. ओझोनला याचा काही त्रास नाही. फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. सकाळी हसलेल्या सगळ्यांनी आपापला फ्रिज ओढून बघा, आणि तिथे काय लिहिलंय ते मला खाली सांगा.