हापशीचं पाणी आणि पोराचे दात

आमच्या चिरंजिवांना सहावं लागलं, मागची पहिली कायमची दाढ डोकावली आणि दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड वार्निश लावून घेऊ." वार्निश म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सुतार उभा राहिला. चिरंजिवांनी विचारलं, "निळा आहे का?"

घरी आधी सांगितलं, ही माझी चूक. सासूबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या, पांढरकवड्याकडच्या. १९७२च्या दुष्काळानंतर गावात हापशी आली तेव्हा त्या दोन वर्षांच्या. तेच पाणी पिऊन मोठ्या झाल्या. आजही हसू आलं की पदर आधी तोंडावर जातो, कारण पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत.

"त्या फ्लोराइडपायी, पाणी पिऊ नका म्हनून हापशीले लाल रंग मारला सरकारनं," त्या म्हणाल्या, "अन् तू पैसे देऊन पोराच्या दाताले लावून आणतं?"

मी समजावलं. दात हिरडीच्या आत घडत असताना ते पाणी वर्षानुवर्षं रोज पोटात जातं, तेव्हा डाग पडतात; हे नुसतं वरून लावायचं, अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी, तेही सहा महिन्यांतून एकदा. लिटरला दीड मिलिग्रॅम ही पाण्यातल्या फ्लोराइडची मर्यादाही सांगितली. इथवर ठीक होतं. मग मी हुशारी केली आणि वार्निशमध्ये ते २२,६०० पीपीएम, म्हणजे लिटरला जवळपास तितके मिलिग्रॅम, असतं हेही सांगून टाकलं. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्यात संभाषण झालं नाही.

दवाखान्यात चिरंजिवांनी खुर्ची चारदा वर, पाचदा खाली करवून घेतली. मग डॉक्टरांनी कापसाने दात पुसले, इवल्या ब्रशने पिवळसर चिकट थर फिरवला. लाळ लागताच तो घट्ट होतो. सगळं मिळून दोन मिनिटं. डॉक्टरांचं बोट चावलं गेलं, तो वेळ वेगळा.

खरी परीक्षा पुढे होती. चार तास कडक नाही, गरम नाही, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ब्रश नाही. नेमका त्याच दिवशी शेजारून गरम तर्री-पोहे आले, वर शेवेचा डोंगर. चिरंजीव थंड दहीभाताच्या वाटीपुढे बसून जिभेने दात चाचपत होते. "आई, खरबरीत लागतं. सँडपेपर." शेवटची सूचना मात्र त्यांनी इतकी मनावर घेतली की तिसऱ्या दिवशीही ब्रश पुढे केला की उत्तर यायचं, "डॉक्टर नाही म्हणाल्या."

पण त्या पहिल्या संध्याकाळी ते आजीकडे बघून हसले. दात पिवळे.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाल रंग मारायचाच बाकी होता.

तिसऱ्या दिवशी अखेर मी पोराला धरून ब्रश केला. पिवळा थर गेला. सासूबाई मोबाइलचा टॉर्च घेऊन आल्या, त्याची हनुवटी वर करून एकेक दात बघितला, पदराच्या टोकाने एक घासूनही पाहिला. पांढराशुभ्र.

मग टॉर्च न विझवता बेसिनवरच्या आरशापुढे गेल्या, पदर बाजूला केला आणि स्वतःचे दात बघत म्हणाल्या, "याचं एका ब्रशात निघालं. माझं पन्नास वर्षांत काहून नाही निघालं वो?"

मी नळ बंद केला. २२,६०० आकडा तोंडपाठ होता. याचं उत्तर पाठ नव्हतं.