पिंक फ्लॉइड : कीर्ती खरी, कारणं भलती

पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड खरोखर एवढा मोठा आहे का, यावर माझ्या पुण्यातल्या मित्रांमध्ये पुन्हा जुंपली आहे. एक गट म्हणतो, त्यांच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमनंतर रॉकमध्ये नवं काही झालंच नाही. दुसरा म्हणतो, धूर, लेझर आणि ताणून ताणून वाजवलेली गिटार काढून घ्या आणि मग काय उरतं ते दाखवा. दोघेही मला साक्षीला ओढतात, कारण मी केंब्रिजजवळ राहतो आणि सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर हे बँडमधले तिघंही इथेच लहानाचे मोठे झाले. त्या हिशोबाने आळंदीत घर घेतलेला प्रत्येक जण ज्ञानेश्वरीवर बोलायला मोकळा! पण इथे राहून एक गोष्ट मात्र दिसते : दोन्ही गट भलत्याच मुद्द्यावर भांडताहेत.

आपल्याकडे फ्लॉइड आला तो हॉस्टेलच्या खोलीत, कॉपी केलेल्या कॅसेटवरून. त्याच्यामागे ना गाव दिसत होतं, ना घर. त्यामुळे ते थेट ब्रह्मांडाचं संगीत झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत वाजवायला आला, तेव्हा पुण्याहून गेलेले मित्र काशीयात्रा करून आल्यासारखे परतले. इथे असलं काही नाही. साठीच्या सहकाऱ्यांच्या लेखी फ्लॉइड म्हणजे थोरल्या भावाच्या रेकॉर्डी. पंक या बंडखोर रॉकच्या काळात ‘सेक्स पिस्टल्स’चा गायक जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला टी-शर्ट घालून हिंडला होता, आणि त्या चिडीत थोडा सामाजिक वर्गाचाही भाग होता. वॉटर्स आणि बँडमधले निक मेसन, रिक राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारे विद्यार्थी, म्हणजे चांगली खाऊन-पिऊन सुखी मुलं.

वाजवण्यातल्या तयारीचा मुद्दा मी लगेच सोडून देतो. ‘मनी’ हे गाणं सात मात्रांत आहे हे कळल्यावर आमचा तबलजी मित्र खूश होऊन रूपक मोजत बसतो. पण गिटारचा सोलो येतो तिथे गाणं मुकाट्याने चारावर उतरतं. येस किंवा किंग क्रिम्सन या बँडांसमोर हातांची शर्यत लावली तर ही मंडळी हरतील. त्यांची ताकद थांबण्यात आहे. १९७१ चं ‘एकोज’ पियानोच्या एकाच सुरावर सुरू होतं आणि तेवीस मिनिटं चालतं. सवाईला रात्र जागवून विलंबित ऐकणाऱ्यांनी ‘फार संथ आहे’ अशी तक्रार करावी, हे मला पटत नाही.

आता शब्दांकडे येतो. ‘टाइम’ या गाण्यात म्हटलंय की निराशा गुपचूप गिळत राहणं ही इंग्रजांची रीत आहे. पुण्यात हे माणसाच्या जन्माबद्दलचं तत्त्वज्ञान म्हणून ऐकलं जातं. ते किती स्थानिक आहे, हे किंग्ज क्रॉसला जाणारी सकाळची गाडी रद्द झाली की कळतं. भरलेला फलाट, पाटीकडे एक नजर, एक उसासा, आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. लोकलच्या गर्दीत एव्हाना चार जणांनी रेल्वेमंत्र्यांचा उद्धार केला असता! वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याचे वडील इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले. इथल्या लहानशा गावातही युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो. ‘द वॉल’ या दोन रेकॉर्डींच्या अल्बममधलं दुःख त्या दगडांपाशी उभं राहिलं की नाटकी वाटत नाही. (दुसऱ्या रेकॉर्डमधली आत्मदया मात्र कुठेही उभं राहा, नाटकीच वाटते.)

‘द वॉल’मधलं शाळेवरचं गाणं, ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी गॅदरिंगमध्ये बेंबीच्या देठापासून गायलं आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर व्हिसा मिळवला. वॉटर्सचा राग होता तो त्याच्या लहानपणीच्या छडीवाल्या शाळेवर. पण १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत शाळांवर बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते उचललं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. कीर्ती याहून जास्त काय कमावणार?

तरी त्याच गाण्याचा हिशोब मला खटकतो. कोरस गायला लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेची मुलं होती. १९७९ च्या नाताळात गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. शाळेला मिळाले हजार पौंड, आणि मुलांपैकी काहींनी रॉयल्टी मागितली ती थेट २००४ मध्ये. ‘डार्क साइड’वरच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्दांवाचून जो आकांत ऐकू येतो तो गायिका क्लेअर टोरीचा. तिला त्या दिवसाचे तीस पौंड मिळाले. कोर्टात गेल्यावर २००५ मध्ये तडजोड झाली आणि मग तिचं नाव सहसंगीतकार म्हणून लागलं. पैशाच्या हावेवर गाणी लिहिणाऱ्यांना हे आपणहून सुचायला हवं होतं. थोरवी मोजायची तर हेही पारड्यात टाकावं लागेल, आणि नेमकं यावर दोन्हीपैकी एकही गट बोलत नाही.

माझ्यापुरता निकाल असा : १९७१ ते १९७९ एवढा काळ खणखणीत. वॉटर्स बँड सोडून गेल्यानंतरचं ऐकायला गोड, पण गेलं तरी रुखरुख नाही. आणि सर्वांत वर मी ठेवीन ‘ॲनिमल्स’. १९७७ च्या या अल्बमच्या कव्हरवर लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र आणि त्याच्या धुराड्यांमध्ये तरंगणारा डुकराच्या आकाराचा फुगा आहे. फोटोच्या वेळी तो फुगा सुटून खरोखरच आकाशात भरकटला होता. त्या वीजकेंद्रात आता महागडी दुकानं आणि फ्लॅट आहेत. अल्बममधलं ‘डॉग्स’ सतरा मिनिटांचं आहे : गोड हसत, योग्य वेळी दुसऱ्याच्या पाठीत सुरा खुपसत वर चढलेला आणि म्हातारपणी एकटा पडलेला नोकरीधंद्यातला माणूस. मघापासून मी सगळं इंग्लंडच्या खात्यावर लिहितोय खरा, पण हे एक गाणं हिंजवडीतल्या कुठल्याही टीम लीडला केंब्रिजला न येता कळेल.