४८ आकडी किल्ली

ज्या ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलीचे नाव मी स्वतः ठेवले, त्या ड्राइव्हने परवा रात्री मला ओळख देण्यास साफ नकार दिला. वादळात जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला होता. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्याने आतली एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी ती ड्राइव्ह, सुखरूप काढून डबीत बसवून दिली आणि "सर, नव्या लॅपटॉपला जोडा, सगळे दिसेल," असे छातीठोकपणे सांगितले. प्रत्यक्षात दिसली ती एक रिकामी चौकट, जिच्यात बिटलॉकर या विंडोजमधल्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की भरायची होती.

सहा-सहा आकड्यांचे आठ गट! हे कुलूप मी लावल्याचे मला आठवत नाही, ते लागल्याचे कोणी सांगितले नाही, आणि आता मात्र पुरावा मागायचा तो माझ्याकडे. किल्लीचा बंदोबस्त म्हणे मदरबोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपेकडे असतो. ती चिप सोबत नसेल, तर मालक आणि चोर कुलपाच्या लेखी सारखेच. कन्नड उताऱ्यांची तीन महिने खपून केलेली मराठी भाषांतरे त्या डबीत पडून आहेत, आणि ज्याला त्याला माझ्या सुरक्षिततेचे कौतुक! 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' हे शब्द वाचले की माझे डोके फिरते. बँकेनेही याच शब्दांत मला आडनावातल्या एका अक्षरापायी चार हेलपाटे घालायला लावले होते.

की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल, असे कळले. खाते उघडायला ओटीपी हवा, आणि तो जातो कोल्हापुरात घेतलेल्या सिमवर. कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की रोमिंगचे पैसे कापले जात, त्या काळातले ते सिम कधीच बंद पडले आहे. दोन दिवस झगडून खात्यात शिरलो, तर तिथे की नाहीच. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून दिला होता पुण्याच्या भाच्याने, स्वतःच्या खात्यावरून. त्यामुळे की तीन वर्षे त्याच्याकडे सुखाने नांदत होती.

"मामा, तेव्हाच म्हणालो होतो, कागदावर उतरवून घ्या," तो म्हणाला. म्हणाला होता खरा. माझ्या घरात कोण दरोडा घालणार, असे मीच त्याला सुनावले होते.

तो कीचा फोटो पाठवतो म्हणत असताना, मला वाचता येते आणि ऐकूही येते, तू आकडे सांग, असा हट्ट मी धरला. तो जोडीजोडीने सांगत गेला. पाचवा गट काही केल्या स्वीकारला जाईना. खऱ्या कीच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चूक त्या गटापाशीच पकडली जाते, ही माहितीही त्यानेच पुरवली. त्याने चुकीची की दिली असा आरोप करून मी फोनवर आवाज चढवला, आणि मग त्याने तो गट सुटासुटा वाचला. तो एकोणसाठ म्हणाला होता. मी ६९ टाकले होते. सत्तावीस वर्षे मराठी शाळेत पाढे घेताना याच चुकीसाठी मी पोरांना बाकावर उभे केले आहे.