आधी बस, मग ऐक

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चांगलंच पेटलं. चुलतभावाच्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, डीजे लावायचा की हलगी-सनई, एवढाच प्रश्न होता. थोरल्या काकांनी लिहिलं, डीजे आला तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. भाच्याने लिहिलं, मग मित्रांना काय सांगू, भजन ठेवलंय म्हणून? त्यावर आत्या, दोन मामा, एक जावई असे सगळे उतरले. काकांचं म्हणणं, ऐंशी सालानंतर गाणं म्हणावं असं काही झालंच नाही. पोरांचं म्हणणं, तुमची गाणी ऐकली की झोप येते. शेवटी माझ्या वहिनीने तोडगा काढला: प्रत्येकाने आपली आवडती पाच गाणी लिहा, त्यातूनच निवडू.

अकरा याद्या आल्या. मी त्या इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये, कामावरून परतताना ट्राममध्ये उभ्यानेच वाचल्या. मोठ्यांच्या याद्यांत अभंग, नाट्यगीतं, जुनी हिंदी सिनेमाची गाणी. पोरांच्या याद्यांत पंजाबी, रिमिक्स, दोन-तीन मराठी रॅप. भांडण जुनं विरुद्ध नवं असं चाललं होतं, पण याद्या वाचताना मला दुसरंच काही दिसलं. अकरा जणांची पंचावन्न गाणी, आणि त्यात भीमगीत एकही नाही. कव्वाली नाही. जात्यावरची ओवी नाही. आमच्या गावात बौद्धवाड्यातून चौदा एप्रिलला गाणी ऐकू येतात, दर्ग्याच्या उरुसात कव्वाली होते, आणि आमच्याच वाड्यात आज्जी पहाटे दळताना गायची. हे सगळं काका आणि भाचा दोघांच्याही कानांवरून गेलेलं आहे. आवडीत मात्र आलं नाही. या एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत आहे आणि ते त्यांना ठाऊक नाही.

मला हे फार लागलं, कारण मराठवाड्याइतकी गाण्याची सरमिसळ मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तेराव्या शतकात शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीला, यादवांच्या दरबारात. त्याचे पूर्वज काश्मीरचे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे लोक आजही हा ग्रंथ आपला मानतात. त्यात गायन, वादन आणि नृत्य तिन्ही मिळून संगीत, असं म्हटलंय. आणि देशोदेशी लोकांना आपापल्या रुचीप्रमाणे जे रिझवतं त्याला ‘देशी’ असं नाव देऊन सन्मानाने जागा दिलीय. हलगीवर नाचणं म्हणजे धांगडधिंगा, असं म्हणणाऱ्या काकांना मी हे फोनवर सांगितलं. काका बराच वेळ बोलले नाहीत.

त्याच देवगिरीपासून जवळ खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य समा, म्हणजे सुफींच्या भक्तिगाण्याची मैफल, ऐकण्यात रंगून जायचे, म्हणून प्रसिद्ध. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातला. ‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क’ ही त्याची गझल पाकिस्तानच्या आबिदा परवीन गातात आणि जगभर ऐकली जाते. आमच्या नर्सीचे नामदेव पंजाबात पोचले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, रागांत बांधलेली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कीर्तन रोज चालतं. परभणीहून नांदेड रेल्वेने किती लांब? नामदेवांचं पद तिथल्या चालीत ऐकायचं म्हणून आमच्या घरातलं एकही माणूस कधी मुद्दाम गेलेलं नाही. मीही गेले नव्हते. गेले ती परदेशात आठ वर्षं काढल्यावर, सुट्टीत.

आता इथलं सांगते, कारण इथेच माझ्या डोक्यात हा विषय उलगडायला लागला.

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. एका रविवारी दुपारी मी स्वयंपाक करताना आबिदांची तीच सिराजची गझल लावली होती. आवाज जरा मोठा होता. दार वाजलं. रविवार म्हणजे इथे शांततेचा वार, त्यामुळे तक्रार आली असं समजून मी आधीच माफी मागितली. बाई म्हणाल्या, ‘‘ही कोण गातेय? काय म्हणतेय?’’ मी दारातच उभं राहून मोडक्या जर्मनमध्ये अर्थ सांगायला लागले: प्रेमाच्या विस्मयाची खबर ऐक, असं काहीसं. त्या आत आल्या, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि गझल संपेपर्यंत हलल्या नाहीत. कढईतली भेंडी करपली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. मी गेल्या गेल्या गप्पा सुरू करणार, तर त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. आधी बस, मग ऐक. रेकॉर्ड बाहीने पुसली, सुई ठेवली. जर्मन संगीतकार बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, येशूच्या शेवटच्या यातनांची गायलेली कथा, त्यातला सुरुवातीचा कोरस. दोन्ही बाजूंनी दोन गायकवृंद एकमेकांना हाका घालतात आणि मधून मुलांचा आवाज वर निघतो. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आमच्याकडे दिंडीत पुढचे टाळकरी चरण टाकतात आणि मागचे उचलतात, ते आठवून घसा दाटला. बाजू संपल्यावर त्यांनी मला गोष्ट सांगितली. बाख या आमच्या लाइपझिगमध्येच, सेंट थॉमस चर्चमध्ये, 1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत कँटर, म्हणजे तिथल्या संगीताचा प्रमुख, होता. तो गेल्यावर हे संगीत बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. पुढे फेलिक्स मेंडेल्सन नावाच्या पोराला त्याच्या आज्जीने याची हस्तलिखित प्रत करवून घेऊन भेट दिली. त्या पोराने 11 मार्च 1829 ला बर्लिनमध्ये ते गाऊन घेतलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तिथून बाख पुन्हा लोकांच्या कानांत शिरला.

एका आज्जीने नातवाला दिलेली वही. मी त्या रात्री फार वेळ जागी होते.

माझे अण्णा आकाशवाणीला पोस्टकार्डं पाठवायचे. ‘आपली आवड’मध्ये नाव यावं म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं खाली ओळीने लिहायचे, अगदी पाळण्यातल्या माझ्या भावाचंसुद्धा. गाणं लागलं की अण्णा हात वर करायचे, आणि पोळ्या लाटणारी आईसुद्धा लाटणं खाली ठेवायची. तीन मिनिटं. नंतर ते सांगायचे, हे गाणं मला बार्शीच्या लॉजवर एका ड्रायव्हरने ऐकवलं होतं, हे मला मास्तरांनी शिकवलं. अण्णांच्या प्रत्येक गाण्याला असा एक माणूस चिकटलेला होता. प्रल्हाद शिंदे त्यांना कुणी ऐकवले तर त्यांच्या डेपोतल्या एका बौद्ध मित्राने. आमच्या घरी प्रल्हाद शिंदे म्हणजे फक्त विठ्ठलाची गाणी. त्या मित्राच्या घरी त्यांचीच भीमगीतं वाजायची. एकाच गळ्याची दोन घरं अण्णांनी त्या दिवशी जोडली, आणि तिथेच भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही 2004 मध्ये गेले, काही आठवड्यांच्या अंतराने. अण्णांनी दोन्ही वेळा ती बातमी कापून ठेवली.

आज आमच्या ग्रुपवर दिवसाला दहा-पंधरा गाण्यांच्या लिंका पडतात. ऐकतं कोण? मोबाइल प्रत्येकाला त्याच्याच आवडीचं पुढचं गाणं वाढून देतो. काकांना भीमसेन जोशींनंतर पुन्हा भीमसेन जोशी, भाच्याला रॅपनंतर रॅप. इथे ट्राममध्येही तेच आहे, प्रत्येकाच्या कानात बोळे. लाइपझिगची बढाई मारायला मी बसलेले नाही. इथे गाणं बऱ्याचदा तिकीट काढून, चूप बसून ऐकायची गोष्ट झालीय. रस्त्यावर अंगात येऊन नाचणारं म्हातारं माणूस मी इथे पाहिलेलं नाही आणि मला त्याची आठवण येते. पण एक मात्र शिकण्यासारखं आहे. थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी-शनिवारी मुलांचा गायकवृंद मोटेट, म्हणजे चर्चमधली समूहगीतं, गातो, अगदी थोड्या पैशांत. तिथे आजोबा नातवाला घेऊन येतात आणि दोघे एका बाकावर बसून तेच ऐकतात. आमच्या हरिपाठात हे होतं. कितीतरी गावांत अजून आहे. घरांतून मात्र निघून गेलं.

डीजेबद्दल माझं मत विचारलं म्हणून सांगते. कायदा दोन्ही देशांत जवळपास सारखा आहे. इथे रात्री दहा ते सहा शांतता. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणावारासाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. छातीत धडकी भरवणारी, बाळंतिणीला आणि बीपीच्या माणसाला झोपू न देणारी स्पीकरची भिंत उभी करायचा हक्क कुणालाच नाही. तिथे मी काकांच्या बाजूने आहे. मात्र काका, हा नियम गणपतीला, शिवजयंतीला, भीमजयंतीला, उरुसाला आणि आपल्या घरच्या परण्याला एकच लागतो. दुसऱ्याच्या मिरवणुकीत डेसिबल मोजायचे आणि आपल्या दारात मित्रांची हौस म्हणायची, हे मला पटत नाही. आणि आवाज मोठा आहे म्हणून गाणंच वाईट, हेही नाही. भाच्याने पाठवलेली दोन रॅप मी नीट बसून ऐकली. एकात पीकविम्याचं आणि बापाच्या कर्जाचं वर्णन आहे, ते शाहिरीच्या जातकुळीचं आहे. दुसरं मला आवडलं नाही, शब्दांत बाईची किंमत नाही. दोन्ही गोष्टी मी त्याला फोन करून सांगितल्या. तो म्हणाला, ‘‘आत्या, तू पूर्ण ऐकलंस? इथं तर कुणी अर्धं बी ऐकायला तयार नाही.’’

मग मी त्याला माझं एक दिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित होऊन आज ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या आहेत, बीडमधल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्याही आहेत. मी त्याला म्हटलं, ही लावताना मोबाइल खिशात ठेव आणि आज्जीच्या जात्याचं पाळू पडवीत पालथं पडलंय तिथं जाऊन बस. त्याने बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न आला: ‘‘ह्या बायांना ठेका कोण द्यायलाय?’’ मी सांगितलं, जातं देतंय. दगडाची घरघर आणि खुंट्याचा फेरा, तोच ताल. बीट बनवणाऱ्या पोराला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

आता राहिली हलगी. ‘पारंपरिक वाद्य लावा’ असं ग्रुपवर सात जणांनी लिहिलं. मला त्या सातही जणांना विचारायचंय: वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत आहे का? माझ्या लहानपणी गावातले मातंग समाजाचे दोघे बापलेक परण्याला यायचे. निघायच्या आधी उकिरड्याकडेला पाचट पेटवून हलगीचं कातडं शेकायचे, बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेकायचे. आवाज खणखणीत निघाला की बाप मान हलवायचा. डाव्या हातात बारीक काडी, उजव्या हातात जाड. मारुतीपर्यंत अख्खं गाव त्यांच्या ठेक्यावर चालायचं. आणि जेवायला त्यांना बाहेर, चिंचेखाली, पंगती उठल्यावर. मला तेव्हा ते विचित्रही वाटलं नाही, याची आता लाज वाटते. त्या पोराने पुढे हलगी टाकली आणि पुण्याला कंपनीत लागला. डीजेने त्याची कला मारली असं आपण म्हणतो, पण ताट लांब ठेवणारे आपणच होतो.

म्हणून माझी पाच गाण्यांची यादी मी ग्रुपवर टाकलेली नाही. सिराजची गझल काकांना फोनवर ऐकवणार आहे, ते बसले आहेत याची खात्री करून. नामदेवांच्या पदासाठी दिवाळीत अण्णांना नांदेडला नेणार आहे. आणि लग्नाबद्दल माझं मत एवढंच: हलगी लावा, तासाभराचा डीजेही लावा पोरांसाठी, आवाज आटोक्यात ठेवून, दहाच्या आत. सुपारी देताना वाजवणाऱ्यांशी घासाघीस करू नका. डीजेवाल्याला देता तेवढीच द्या. वाजवणाऱ्यांची नावं पत्रिकेत छापा. आणि त्यांची ताटं पहिल्या पंगतीत, काकांच्या शेजारी मांडा.