थँक्सगिव्हिंग, टर्की आणि जेवणानंतरचा चिरूट : एका ढकलपत्राचा प्रतिवाद

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एक ढकलपत्र न चुकता येऊन पोहोचते. पाठवणारे बदलतात, एखादे वाक्य वाढते किंवा गळते, पण गाभा तोच राहतो. तो असा : 'थँक्सगिव्हिंग हा सण १६२१ पासून अखंड चालत आला आहे. त्या वर्षी पिल्ग्रिमांनी रेड इंडियनांना आग्रहाने जेवायला बोलावले, त्यांना टर्की खिलवली आणि जेवणानंतर दोघांनी मिळून चिरूट ओढला. टर्कीत ट्रिप्टोफॅन असते, म्हणून या जेवणानंतर झोप येते. त्यावर उत्तम उतारा म्हणजे एक चांगला, शक्यतो हवानाचा, चिरूट. त्याने अन्न पचते, आणि धूर छातीत घ्यायचा नसल्यामुळे त्याचा काही अपाय नाही.'

गेल्या वर्षी हा मजकूर आमच्याकडे भर पंगतीत मोठ्याने वाचला गेला. भारतातून आलेले माझे सासरे रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि 'मग एक मलाही द्या' म्हणून हात पुढे केला. तोवर हा सगळा प्रकार गमतीवारी नेण्याची माझी तयारी होती. त्यानंतर मात्र प्रत्येक विधान तपासून पाहणे भाग पडले.

आरंभ 'अखंड' या शब्दापासून करतो. १६२१ च्या शरदातील त्या मेजवानीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः एडवर्ड विन्स्लो या पिल्ग्रिमाने, म्हणजे आजच्या मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे येऊन वसलेल्या कर्मठ इंग्रजांपैकी एकाने, त्याच वर्षी ११ डिसेंबरला लिहिलेल्या पत्रातील काही ओळींवर उभे आहे. पीक हाती आल्यावर प्लिमथच्या गव्हर्नरने चार माणसांना पाखरांच्या शिकारीला धाडले, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरेल एवढी शिकार आणली, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला, तीन दिवस पाहुणचार झाला आणि त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली, एवढेच विन्स्लो सांगतो. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द तो त्या प्रसंगाला लावत नाही, आणि लावलाही नसता, कारण त्या कर्मठ मंडळींच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा आणि प्रवचनाचा दिवस होता. बंदुकांच्या कवायती आणि खेळ यांत रंगलेले तीन दिवस त्या व्याख्येत बसणारे नव्हते. या मेजवानीला 'पहिले थँक्सगिव्हिंग' हे नाव मिळाले ते १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना जोडलेल्या एका तळटीपेतून. मधल्या २२० वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये आभाराचे दिवस पाळले जात होते हे खरे, पण त्यांचा उगम या मेजवानीत आहे असे कोणी म्हणत नव्हते.

राष्ट्रीय सणाची कहाणी तर आणखी तुटक आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जाहीरनामा काढून २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस आभाराचा ठरवला. थॉमस जेफरसन यांनी मात्र, धर्माच्या बाबतीत सरकारने फर्मान काढू नये या भूमिकेतून, असा जाहीरनामा काढण्याचे नाकारले. निरनिराळी राज्ये आपापल्या सोयीने निरनिराळ्या तारखांना हा दिवस पाळत. त्यांना एका तारखेवर आणण्याचे श्रेय सारा जोसेफा हेल या मासिकाच्या संपादिकेचे आहे. त्यांनी १८४६ पासून अग्रलेख लिहून, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडून हा विषय लावून धरला आणि २८ सप्टेंबर १८६३ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, लिंकन यांचा जाहीरनामा निघाला. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरील रक्त सुकून तीन महिनेच झाले होते. त्या जाहीरनाम्यात विधवांचा, अनाथांचा आणि यादवीत होरपळलेल्यांचा उल्लेख आहे, पिल्ग्रिमांचा किंवा टर्कीचा नाही. पुढे १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, तेव्हा नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी तो २३ तारखेला केला, काहींनी हट्टाने ३० लाच. हा घोळ अखेर डिसेंबर १९४१ मधील कायद्याने मिटला आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. म्हणजे आपण पाळतो ती तारीख आमच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावापेक्षा फार मोठी नाही. यामुळे सणाला उणेपणा येतो असे मला मुळीच वाटत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात उभा राहिला हे माहीत असूनही आपण आरतीला उभे राहतोच.

'आग्रहाने बोलावले' या शब्दांवर मात्र जरा थांबले पाहिजे, कारण इथे केवळ तपशील चुकलेला नाही. विन्स्लोच्या पत्रात आमंत्रणाचा उल्लेख नाही. पुष्कळ मूळ रहिवासी आमच्यात आले आणि त्यांच्याबरोबर मॅसासॉइट आला, एवढेच तो म्हणतो. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ जणांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. जगलेल्यांत संसारी स्त्रिया चारच होत्या. पंगतीत इंग्रजांपेक्षा पाहुणे जास्त होते, आणि पाहुणे तरी कसे म्हणायचे? ज्या जागी हे गाव वसले तिथे आधी पटक्सेट नावाचे गाव होते. १६१६ नंतरच्या साथीत ते माणसांसकट नाहीसे झाले. त्या गावचा टिस्क्वांटम १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेला होता. तो इंग्लंडमार्गे परतला तेव्हा गाव उरलेच नव्हते. याच टिस्क्वांटमने इंग्रजांना मका पेरायला शिकवले. मॅसासॉइटनेही मार्च १६२१ मध्ये त्यांच्याशी तह केला, तो साथीने खिळखिळ्या झालेल्या आपल्या लोकांना शेजारच्या बलवान जमातीविरुद्ध साथीदार हवा होता म्हणून. पुढे १६७५ मध्ये त्याचाच मुलगा मेटाकॉम याच्याशी वसाहतींचे युद्ध पेटले, आणि तो मारला गेल्यावर त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लटकवण्यात आले. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळ रहिवासी जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. एवढे वाचल्यावर 'रेड इंडियनांना बोलावून खिलवले' हे वाक्य पुढे ढकलायला बोट धजू नये. 'रेड इंडियन' हा शब्दही आता आपण टाकून द्यावा, हे ओघाने आलेच.

टर्कीविषयी थोडक्यात सांगतो. विन्स्लो फक्त पाखरांविषयी लिहितो. ती बदके आणि हंसही असू शकतील. त्या शरदात रानटर्की मुबलक मिळाल्याची नोंद गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी केली आहे, त्यामुळे ती ताटात असणे शक्य आहे, पण मेजवानीची मानकरी ती होती असे कुठेही लिहिलेले नाही. खात्रीचा जिन्नस म्हणजे हरणाचे मांस. बटाटे त्या प्रदेशात अजून पोहोचले नव्हते. मराठी वाचकाला एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. प्लिमथच्या मेजवानीआधी नऊ वर्षे, १६१२ मध्ये, मुकर्रबखानाने गोव्याहून जे चमत्कारिक पशुपक्षी जहांगीर बादशहासाठी आणले, त्यांत एक टर्की होती, आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मूळच्या अमेरिका खंडातल्या या पक्ष्याला इंग्रज तुर्कस्तानचा समजले, आणि तुर्क आजही त्याला 'हिंदी' म्हणतात.

आता झोपेकडे वळू. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल टर्कीत असते, त्यापासून शरीरात सेरोटोनिन आणि मेलाटोनिन तयार होतात, इथपर्यंत ढकलपत्र बरोबर आहे. परंतु ते कोंबडीतही जवळपास तेवढेच असते, आणि चिकन खाऊन सगळे घर आडवे झाल्याचे कोणी सांगत नाही. शिवाय रक्तातून मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी चढाओढ करावी लागते. मांसाहारात ती सगळीच एकत्र येतात, त्यामुळे टर्कीच्या एका फोडीने मेंदूतले ट्रिप्टोफॅन फारसे वाढत नाही. डोळे मिटतात ते स्टफिंग, कुस्करलेले बटाटे, रताळी, पाव आणि वर भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ एवढे सगळे पोटात एकदम गेल्यामुळे, जोडीला वाइन असल्यामुळे आणि घरातली माणसे पहाटेपासून ओव्हनशी झुंजत असल्यामुळे. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि वर साजूक तूप एवढे झाल्यावर वामकुक्षी न टाळता येणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्यासाठी रसायनशास्त्राची गरज पडू नये.

चिरुटाने अन्न पचते, हे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वळे असते. जठरातले आम्ल वर येऊ नये म्हणून ते मिटलेले राहते. पोट गच्च भरणे, तेलकट-तुपकट खाणे आणि मद्य यांनी ते सैल पडते, आणि तंबाखूच्या धुराने आणखी सैल पडते. म्हणजे ज्या संध्याकाळी या झडपेवर आधीच ताण आहे, त्याच संध्याकाळी तिला चौथा धक्का द्यायचा आणि नंतर छातीत जळजळ झाली की दोष क्रॅनबेरीच्या चटणीला द्यायचा. चिरूट ओढल्यावर हलके वाटते याचे कारण निकोटिनने येणारी तरतरी, शिवाय टेबलावरून उठून अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसायला मिळणे. दुसरा लाभ चिरुटावाचूनही मिळतो, आणि पचनासाठीच काही करायचे असेल तर शतपावली आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते हे तपासून पाहिलेले आहे.

सगळ्यांत घातक विधान शेवटचे. धूर छातीत घेत नाही, म्हणून अपाय नाही, हा युक्तिवाद तळहातावर तंबाखू-चुना मळून दाढेखाली धरणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्या मराठी माणसाने तरी मान्य करू नये. त्या चिमटीचा धूर कुठेच जात नाही, तरी निकोटिन रक्तात पोहोचते आणि कर्करोग गालाला होतो. चिरुटाचे तसेच आहे. ज्या पानांचा चिरूट वळतात ती आंबवून मुरवलेली असतात आणि त्यांचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जाते. छातीत ओढण्याची गरज भासत नाही ती याचमुळे. प्रमाणही लहान नाही : सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, तर एखाद्या मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये चिरुटांवर स्वतंत्र अहवालग्रंथ काढला. तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी चिरुटाचा संबंध त्यात मांडला आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हे धोके मुख्यतः रोज ओढणाऱ्यांच्या नोंदींवरून मोजलेले आहेत, आणि वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी एक चिरूट पेटवणाऱ्याला त्याच मापाने मोजणे चूक ठरेल. पण 'धोका कमी' आणि 'अपाय नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. रक्तदाब आणि नाडीचा वेग निकोटिनने तेवढ्यापुरता का होईना वाढतो, त्याला वर्षातून एकदा ही सबब चालत नाही. शिवाय चिरूट तासभर जळतो आणि घरात आजी, बाळंतीण, दम्याचे पोर असे सगळे जमलेले असतात. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-सल्लागारांनी, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे.

राहिले 'दोघांनी मिळून चिरूट ओढला' हे. तंबाखू त्या भेटीगाठींत होती, पण वेगळ्या प्रसंगी आणि वेगळ्या रूपात : मार्च १६२१ मध्ये तहासाठी आलेल्या मॅसासॉइटच्या मानेमागे तंबाखूची लहानशी पिशवी लटकत होती आणि ती त्याने स्वतः 'प्यायली' व आम्हालाही 'पाजली', असे तेव्हाचा इंग्रज वृत्तांत सांगतो. धूर ओढण्याला त्या काळचे इंग्रज 'पिणे' म्हणत. आपल्याकडे विडी पिणारेही असतातच. त्या भागात तंबाखू ओढली जाई ती चिलमीतून. पाने गुंडाळून ओढण्याची रीत युरोपीयांनी पाहिली ती १४९२ मध्ये क्यूबात, आणि 'चिरूट' हा शब्द तर तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला आहे.

आणि 'शक्यतो हवानाचा'? राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी होणाऱ्या व्यापारावर फेब्रुवारी १९६२ मध्ये बंदी घातली. सही करण्याआधी त्यांनी आपल्याला हजारभर क्यूबन चिरूट आणायला पिटाळले होते, असे त्यांचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे स्वतः सांगितले. मधल्या काळात प्रवाशांना क्यूबन चिरूट सोबत आणण्याची मिळालेली सवलत सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा काढून घेण्यात आली. म्हणजे ढकलपत्राचा सल्ला मानून पाहुण्याने बॅगेतून हवाना आणला, तर तो विमानतळावरच जप्त व्हायचा.

आमच्या मेहुण्याकडे त्या दिवशी जो होता तो निकाराग्वाचा होता. त्याने तो मागच्या अंगणात, अंगात जाड कोट घालून आणि सरकते दार नीट लावून ओढला, आणि आपण तो पचनासाठी नव्हे तर हौस म्हणून ओढतो हे विचारल्यावर निमूटपणे कबूल केले. सासरे आणि मी तेवढ्या वेळात कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन आलो.