वाढीचा दर सांगता, मग मजुरीचं काय झालं तेही सांगा

अर्थव्यवस्था जोरात वाढत असली की एक वाक्य हमखास कानावर येतं: आधी संपत्ती निर्माण तर होऊ द्या, वाटपाचं पुढे बघू. चांगली, शिकलेली, कुणाचं वाईट न चिंतणारी माणसंसुद्धा हे मनापासून बोलतात. मला ते पटत नाही.

संपत्ती निर्माण होते तेव्हाच तिचं वाटपही होऊन गेलेलं असतं. मजुरी किती, जमीन कुणाच्या नावावर, बँक कर्ज कुणाला देते, कर कमाईवर बसतो की रोजच्या खरेदीवर, यातच सगळं ठरतं. सगळे झटून काम करतात, मग एके दिवशी बसून हिशोब होतो, असं कुठल्याच देशात घडलेलं नाही.

ब्राझीलचं उदाहरण घ्या. 1964 साली तिथे लष्कराने सत्ता घेतली. 1968 ते 1973 या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी 10 टक्क्यांहून जास्त वेगाने वाढली. केक आधी फुगू द्या, मग कापू, हे वाक्य त्या वेळच्या अर्थमंत्र्यांच्या नावावर आजही सांगितलं जातं. पण त्याच राजवटीत संप करणं जवळपास अशक्य झालं होतं आणि किमान वेतन महागाईच्या मागे पडत गेलं. श्रीमंत-गरिबांमधली दरी रुंदावली. ती ठळकपणे कमी होऊ लागली थेट 2000 नंतर, किमान वेतन महागाईपेक्षा वेगाने वाढवलं गेलं आणि 2003 पासून गरीब कुटुंबांना, मुलं शाळेत जातील या अटीवर, थेट पैसे मिळू लागले तेव्हा. त्या वेगवान वाढीच्या काळात विशीत असलेला मजूर तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याने वाट किती बघायची?

आणि ही 'आधी दरी वाढते, मग आपोआप कमी होते' कल्पना ज्यांच्या नावावर खपवली जाते, त्या सायमन कुझनेट्स यांनी स्वतः काय म्हटलं होतं? 1955 च्या त्या गाजलेल्या निबंधात त्यांनी सरळ कबूल केलंय की यात साधारण 5 टक्के माहिती आहे आणि 95 टक्के तर्क. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्याच माणसाने 1934 मध्येच अमेरिकन संसदेला बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे फारसं कळत नाही. त्यांचा आकडा सगळ्यांनी उचलला, इशारा मात्र तिथेच राहिला.

यावर हमखास येणारा प्रश्न: गरिबी कमी होतेय ना, मग वरचे कितीही वर गेले तर बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे. चीनमध्ये 1978 नंतरच्या चाळीस वर्षांत जवळपास 80 कोटी लोक अतिगरिबीतून बाहेर आले. ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तिथेच खेड्यातून शहरात येऊन कारखाने आणि इमारती उभ्या करणाऱ्या माणसाची रहिवासाची सरकारी नोंदणी गावाकडची राहिली, त्यामुळे शहरातली सरकारी शाळा त्याच्या मुलांना सहज मिळेना. कित्येक मुलं गावी आजी-आजोबांकडेच वाढली. बापाची कमाई वाढली हे खरं, पण मुलाची सुरुवात शहरातल्या मुलाच्या कितीतरी मागून झाली.

कुठल्याही वाढत्या शहरातलं बांधकाम बघा. मजूर त्याच आवारात पत्र्याच्या खोलीत राहतात. विसाव्या मजल्यावरच्या न्हाणीघराला फरशी लावणारा माणूस खाली सगळ्यांत मिळून एका नळावर अंघोळ करतो. इमारत पुरी झाली की पत्रे निघतात, कुटुंब पुढच्या साइटवर जातं, मुलांची शाळा पुन्हा सुटते. तोवर त्या फ्लॅटची किंमत वाढलेली असते, आणि ती वाढ ज्याने नुसते पैसे गुंतवून ठेवले त्याच्या खात्यात जाते.

मला जमिनीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. रस्ता येतो, मेट्रो येते, आजूबाजूच्या जागेचा भाव दुप्पट होतो. खर्च सगळ्यांच्या करातून. मालक झोपेत श्रीमंत होतो आणि भाडेकरूला आणखी लांब जावं लागतं, म्हणजे जी मेट्रो त्याच्यासाठी आणली तिच्यापासूनही लांब!

हे असंच चालायला हवं असं नाही. दक्षिण कोरियाने वेगवान वाढ सुरू होण्याआधीच, 1950 च्या सुमारास, 3 हेक्टरच्या वरची शेतजमीन जमीनदारांकडून घेऊन कसणाऱ्यांना दिली. सिंगापूरने 1966 च्या कायद्याने जमीन ताब्यात घेतली आणि तिच्यावर घरं बांधली. आज तिथले सुमारे 80 टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. दोन्ही देश वाढीत कुठेही मागे पडले नाहीत. (कोरियात पुढे दरी वाढली, हेही खरं. एकदा करून सोडून दिलं की असं होतं.)

म्हणून दर तिमाहीला वाढीचा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्याच पत्रकात आणखी दोन आकडे हवेत. महागाई वजा करून, खालच्या निम्म्या लोकांची कमाई किती वाढली? आणि त्याच काळात घरभाडं किती वाढलं? हे दोन आकडे नसतील, तर पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारला गेला पाहिजे.